लाल रंगावरचं माझं भाषण

सोमवार, १० जून. दुर्रेस, अल्बानिया. संध्याकाळ.

डॉ. सोबेरांनी शिंपले खाल्ले. मी दुपारीच म्हटलं होतं, किनाऱ्यावरच्या टपरीत शिंपले खाऊ नयेत. पस्तिशीचा माणूस, कलेच्या इतिहासाचा प्राध्यापक, पण बशीत काय आहे ते बघत नाही. आता खोलीत आडवे आहेत. उद्या बेराटला येणार नाहीत.

दाराच्या फटीतून म्हणाले, उद्या सगळ्यांनी एकमेकांकडे लक्ष ठेवा. म्हणताना माझ्याकडे बघत होते. म्हणजे उद्याची जबाबदारी माझ्यावर. तेओदोझिया म्हणते, तू दाराच्या तोंडाशीच उभी होतीस, दुसरीकडे कुठे बघणार ते? तेओदोझिया माझी खोलीतली सोबतीण. बोलोन्याला म्हाताऱ्या माणसांची देखभाल करत राहिली, तिथे इटालियन शिकली. शिस्त शिकली नाही.

उद्याचा दिवस महत्त्वाचा आहे. आम्ही सगळे ज्येष्ठ विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी. वय साठीच्या पुढे, पण ओळखपत्र खरं. ऑक्टोबरात तिकडे पोलंडात, आमच्या वुच शहरात, नवं वर्ष सुरू होतं तेव्हा मोठ्या सभागृहात एक विद्यार्थी भाषण करतो. रेक्टर, म्हणजे आमचे कुलगुरू, झगा घालून समोर बसतात. यंदा कोण बोलणार ते वर्ग ठरवणार, या सहलीतली भाषणं ऐकून. बुधवारी, नाश्त्याला.

गेरार्दराव काल इथल्या रोमन रंगभूमीवर बोलले. ट्रामचे निवृत्त ड्रायव्हर. सिंहांना अर्धं तिकीट होतं का, असं काहीतरी. लोक हसले. हसणं म्हणजे मत नव्हे.

माझा विषय: बेराटच्या गडावरच्या संग्रहालयातल्या संतचित्रांमधला लाल रंग. चाळीसेक पानं, तळटीपांसह. जन्म कापडगिरणीच्या रंगशाळेत गेला, लाल रंगाबद्दल मला कुणी शिकवायला नको. अठराव्या वर्षी मला कलेचा इतिहासच शिकायचा होता. वडील म्हणाले, चित्रं बघायला रविवार आहे. मग रसायनशास्त्र. असो. उद्या मंगळवार आहे आणि मी चित्रांपुढे उभी राहून बोलणार आहे.

संकल्प: आठला निघणे. दहाला पोचणे. लगेच बोलणे. मध्ये कुठेही न थांबणे.

मंगळवार, ११ जून. सकाळी, बसमध्ये.

निघालो. थोडा उशीर, कारण लोकांना बसायला शिकवावं लागलं. आडनावांच्या क्रमानं बसवलं. मोजणी सोपी जाते, आणि कोण हरवलं ते जागच्या जागी कळतं. माझं आडनाव अब्राम्स्का, त्यामुळे पुढची जागा मला आली. तो योगायोग.

गेरार्दरावांचं आडनाव झुराव, आमच्या लिपीत शेवटचं अक्षर. शेवटची रांग. म्हणाले, बाई, मी जन्मभर सगळ्यात पुढे बसलोय. मागे बसलो की वाटतं, गाडी कुणीतरी चोरून नेतंय. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. ते म्हणाले, हो, पहिल्या रांगेतून तो सारखाच दिसतो.

उर्मटपणा. पण गेले मागे.

थोड्या वेळानं.

थांबलो आहोत. गेरार्दरावांना मळमळलं. रस्ता वळणांचा नाही, हा निव्वळ हट्ट आहे. तेओदोझियानं उकडलेल्या अंड्यांची पिशवी ऐनवेळी रिकामी करून त्यांना दिली. अंडी वेळेत बाहेर निघाली होती, बहुतेक.

ते आता ड्रायव्हरशेजारच्या घडीच्या खुर्चीवर बसलेत, म्हणजे माझ्याही पुढे. ड्रायव्हर लुआन आणि ते बोटांच्या भाषेत ब्रेकविषयी बोलतात. मी मागून दोनदा सुचवलं की रस्त्याकडे बघावं. दोघांनी एकदमच वळून माझ्याकडे बघितलं.

अजून दहाला पोचणं शक्य आहे. जेमतेम.

दहा वाजता.

कॉफीचं दुकान. लुआन न सांगता थांबला. दुकानदार बाहेर आला, दोघांनी गळाभेट घेतली, दुकानदारानं खुर्च्या मांडायला घेतल्या. मी पुढे होऊन सगळ्यांच्या वतीनं सांगितलं, धन्यवाद, आम्हाला कॉफी नको, वेळ नाही. हातानं घड्याळ दाखवलं. माझ्या मते हे कुठल्याही देशात कळावं.

कळलं. दुकानदार आत गेला. लुआननं एकट्यानं कॉफी घेतली. एवढ्याशा कपातली कॉफी माणूस इतका वेळ पिऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. संपली. त्यानं दुसरी मागवली.

तेओदोझियानं त्याच्याशी इटालियनमध्ये बोलून घेतलं आणि मला सांगायला आली. म्हणे, तो दुकानदार त्याचा लग्नातला साक्षीदार. आपण त्याच्या दारातून तसेच निघालो तर लुआनला या रस्त्यानं पुन्हा तोंड दाखवता येणार नाही. मी म्हटलं, मग आधी सांगायचं. ती म्हणाली, कॉफी घे हे आधी काय सांगायचं, बोगुशा?

शेवटी सगळ्यांनी घेतली. मीही घेतली. चांगली होती. त्यानं वेळ भरून निघत नाही.

धडा शिकले. या देशात कुणी काही दिलं तर नाही म्हणायचं नाही. घ्यायचं, आणि आपल्या रीतीनं नीट परतफेड करायची. इतकं सोपं आहे. बारापर्यंत नक्की.

दुपार होत आली.

लुआननं मुख्य रस्ता सोडला. मावशीला औषध द्यायचंय म्हणे, दोन मिनिटं. मी फक्त घड्याळाकडे बघितलं. स्वतःवर ताबा कसा ठेवावा हे आज माझ्याकडून शिकण्यासारखं आहे.

मावशीचं नाव लिरिए. काळा रुमाल, ताठ पाठ, माझ्याच वयाच्या. आमच्यासारखे एवढे लोक बसमधून उतरताना पाहून त्या जराही बिचकल्या नाहीत. मांडवाखाली बसवलं. प्रत्येकाला पाण्याचा पेला आणि चमचाभर चेरीचा मुरंबा. मी सगळ्यांना डोळ्यांनी खुणावलं: घ्या. सगळ्यांनी घेतला. मी तर चमचा चाटूनपुसून साफ केला. दोन मिनिटांची दहा झाली, पण शिष्टाचार बिनचूक.

निघताना परतफेड. गेरार्दरावांची टोपी घेतली आणि रांगेतून फिरवली, सहलीत आपण नेहमी फिरवतो तशी. आपल्याकडे चहा दिला कुणी तर टोपी फिरतेच, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. वर मी स्वतःची नोट ठेवली, पहिली दिसावी म्हणून. टोपी लिरिएबाईंच्या हातात दिली.

त्यांनी टोपीत बघितलं. मग माझ्याकडे. मग टोपी टेबलावर ठेवली, जसं काही तिच्यात उंदीर असावा.

लुआननं कपाळाला हात लावला. तेओदोझिया सांगते ते असं: मावशी विचारतेय, मी खानावळ चालवते असं या बाईंना कुणी सांगितलं? मी म्हटलं, सांग त्यांना, ही आमची रीत आहे, प्रेमानं दिलंय. तेओदोझियानं सांगितलं. लिरिएबाईंनी शेताकडे तोंड करून नवऱ्याला हाक मारली. ती हाक बेराटपर्यंत गेली असेल. आमच्या आधी.

लुआनचं म्हणणं, आता जेवल्याशिवाय सुटका नाही. पैसे देऊन निघालात तर घराची अब्रू गेली. जेवून निघालात तर पाहुणे ठरता. मी विचारलं, साधारण किती वेळ? तो म्हणाला, मेंढा अजून चरतोय.

विनोद असावा असं वाटलं. नव्हता.

तिथेच, मांडवाखाली.

गेरार्दराव येता-जाता म्हणतात, बाई, टोपी परत फिरवा, संध्याकाळचं जेवणही मिळेल. वर्गातल्या बायका हसतात. ऑक्टोबरच्या भाषणाची निवड उद्या, आणि आज हे. पण मी शांत आहे. भाषण जवळ आहे, दोन प्रती. एक पिशवीत, एक अंगावर.

संग्रहालय चारला बंद होतं. तीनला निघालो तर अगदी शेवटच्या क्षणी पोचू. चाळीस पानांची तीस करता येतील. तळटीपा गाळणार नाही.

दुपार. बहुधा नंतरची.

जेवण झालं. मेंढा, ब्युरेक नावाची पापुद्र्यांची भरली पोळी, दही, जैतुनाची फळं, आणि पेटीतून काढलेला भरतकामाचा पांढराशुभ्र टेबलक्लॉथ. राकी. द्राक्षांची दारू, पाण्यासारखी दिसते, त्यामुळे फसवी. यजमान उभे राहिले की प्रत्येक पाहुण्यानं आपल्या पाळीला चार शब्द बोलायचे आणि प्याला रिकामा करायचा. शिष्टाचार म्हणून मी दोन घोट घेतले. दोन वेळा. त्यापुढे मोजत बसणं यजमानांना बरं दिसलं नसतं.

उकाडा भयंकर होता. त्यामुळे मधला भाग जरा धूसर आहे. एवढं नक्की आठवतं की कुणीतरी मुरंबा सांडला, टेबलक्लॉथवर मोठा लाल डाग पडला, आणि मी लिरिएबाईंना डाग काढण्याविषयी दोन तांत्रिक सूचना केल्या. थंड पाणी, साबण नाही. तेओदोझियानं भाषांतर केलं. व्यावसायिक सल्ला, फुकट. परतफेड झाली असं मी समजते.

निघताना लिरिएबाईंनी माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि तोच टेबलक्लॉथ घडी करून माझ्या हातात दिला. डाग निघणार नाही अशी खात्री झाली असावी. टाकून देण्याची पद्धत जरा विचित्र, पण मी नाही म्हणायचं नाही असं ठरवलंय.

बसमध्ये गेरार्दरावांनी आपली घडीची खुर्ची मला देऊ केली. कशाबद्दल, कळेना. मागच्या रांगेतल्या दोघींनी माझा हात हातात घेतला. संग्रहालय बंद असणार हे बहुधा त्यांना आधीच कळलं होतं.

संध्याकाळ. बेराट.

बंद.

गडावरचा चढ मी सगळ्यांच्या पुढे चढले, उरलेले झाडाखाली बसले. रखवालदार दाराला कुलूप लावून किल्ली खिशात टाकत होता. मी त्याला भाषण दाखवलं. विद्यार्थ्याचं ओळखपत्र दाखवलं. एक तास मागितला, मग अर्धा, मग म्हटलं, फक्त दार उघडा, मी उंबऱ्यावरून बोलते. त्यानं मनगटावरचं घड्याळ दाखवलं. सकाळी मी कॉफीवाल्याला दाखवलं होतं तसंच.

अख्ख्या दिवसात वेळ पाळणारा एकच माणूस भेटला. तो नेमका तिथे.

दाराला फट आहे. तिच्यातून मी एक डोळा लावून बघितलं. अंधार. लाल काही दिसला नाही. थोडं सोनेरी असेल.

खाली आले तर गेरार्दराव म्हणाले, राहू द्या हो बाई, आज तुमचं झालंय. खोचक बोलणं.

परतीच्या वाटेवर.

हार मानायची नाही. बसमध्ये माइक आहे. लुआनकडून घेतला आणि भाषण वाचलं. सगळं. तळटीपांसह. खडबडीत रस्त्यामुळे मागे वळता आलं नाही, कागद सांभाळायचे होते. पण बसमधली शांतता सांगण्यासारखी होती. दोन वर्षांत या वर्गानं इतकं मन लावून काही ऐकलेलं नाही. कुणी खोकलं नाही. प्रश्नोत्तरांसाठी जागा ठेवली होती, एकही शंका आली नाही. मांडणी नीट असली की असं होतं. लुआननं मात्र दोनदा खिडकी उघडून तोंडावर वारा घेतला. भाषा कळत नसूनही विषयाचं वजन त्याला जाणवलं असावं.

दिवस वाया गेला म्हणता येणार नाही. उद्या निवड. निळा ड्रेस इस्त्रीला दिलाय.

बुधवार, १२ जून. नाश्त्यानंतर.

जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

डॉ. सोबेरा खाली आले. चेहरा पांढरा, पुढ्यात कोरडा टोस्ट. विचारलं, मग ऑक्टोबरात कोण? गेरार्दराव उभे राहिले आणि म्हणाले, बोगुमिलाबाई, आणखी कोण. सगळे हात वर. एकूण एक. ज्यांना मी मागच्या रांगेत बसवलं त्यांचेही.

मी उठले. आभार मानले. पिशवीतली प्रत काढली आणि म्हटलं, वेळेनुसार थोडी काटछाट करीन.

गेरार्दराव म्हणाले, अहो, ते नको. कालचं.

मी म्हटलं, कालचंच आहे हे.

ते म्हणाले, बसमधलं नाही हो. बसमध्ये आम्ही झोपलो होतो. जेवतानाचं.

मी स्पष्ट केलं की जेवताना मी डाग काढण्याविषयी दोन तांत्रिक सूचना केल्या होत्या. मला वाटलं हसतील. कुणी हसलं नाही. तेओदोझियानं माझ्या बाहीला धरून खाली बसवलं. म्हणाली, बोगुशा, तू जवळजवळ तासभर बोलत होतीस. मेंढा गार झाला. मी म्हटलं, कशावर? ती म्हणाली, त्या डागावर.

मग जो तो सांगू लागला. गेरार्दराव म्हणाले, तुम्ही सांगितलंत की तुमच्या गिरणीमागची नदी रोज त्या दिवसाच्या रंगाची वाहायची, आणि लाल वाहिली की लोकांना कळायचं, आज रंगशाळेत अब्राम्स्का आहे. ते त्या नदीवरच्या पुलावरून ट्राम न्यायचे, म्हणून त्यांना ते फार भिडलं. मागच्या रांगेतली एक म्हणाली, तुम्ही ते पोस्टकार्डाचं सांगितलंत. एका संताचा लाल अंगरखा, छापील. तो लाल जमावा म्हणून कामाचे तास संपल्यावर तुम्ही चोरून कापड बुडवत राहिलात, आणि तो कधीच जमला नाही. दुसरी म्हणाली, आणि फसलेलं कापड मे दिनाच्या झेंड्यांना जायचं. तेओदोझिया म्हणाली, आणि एक वर्ष तो झेंडा तुझ्या वडिलांच्या हातात आला. मोर्चातून घरी आले, जेवायला बसले, आणि म्हणाले, यंदा कापड कुणीतरी चांगलं रंगवलंय.

मी म्हटलं, हे मी कुणालाही कधी सांगितलेलं नाही.

तेओदोझिया म्हणाली, सांगितलंस. इटालियनमध्ये मी ते पुढे सांगत होते आणि लुआन आपल्या भाषेत. त्याला दोनदा थांबावं लागलं. लिरिएबाईंनी तेव्हाच टेबलक्लॉथ आवरायला सुरुवात केली, तुझ्यासाठी.

डॉ. सोबेरांनी टोस्ट खाली ठेवला. म्हणाले, बाई, हेच. अगदी असंच बोला. मी आजच विद्यापीठाला कळवतो. नाव छापायचंय, विषय काय लिहू? मी काही बोलायच्या आत गेरार्दराव म्हणाले, लिहा, लाल.

बुधवार. दुपार, बाल्कनीत.

बातमी म्हणून वाईट नाही. एकमतानं निवड. सभागृह, रेक्टर, सगळं मिळालं. फक्त भाषण नव्यानं लिहायचंय. काही अवघड नाही. प्रसंग माझेच आहेत. तासाभरात होईल.

बुधवार. संध्याकाळ.

झालं नाही.

नदीपासून सुरुवात केली. पहिल्या वाक्यात नदीला जाणाऱ्या सांडपाण्याचं रासायनिक स्वरूप आलं. खोडलं. पोस्टकार्डावरून सुरुवात केली. ते कुणी छापलं ही माहिती आली, तिला तळटीप लागली. खोडलं. वडिलांपाशी आले. "यंदा कापड कुणीतरी चांगलं रंगवलंय." इथवर ठीक. पुढे काय?

तेओदोझियाला विचारलं, वडील असं म्हणाल्यावर मी काय म्हटलं होतं? म्हणजे त्यांना नाही, काल, टेबलावर. ती विचारात पडली. म्हणाली, तिथून पुढे भाषांतर मी थांबवलं होतं. तू लिरिएबाईंचा हात धरून त्यांच्याशी आपल्या भाषेत बोलत होतीस, हळू आवाजात, आणि त्या त्यांच्या भाषेत उत्तरं देत होत्या. आम्ही बाकीचे बाजूला होऊन भांडी उचलत होतो. मी म्हटलं, अगं, पण शेवट तोच असणार. ती म्हणाली, असणारच, तिथेच तर तुम्ही दोघी रडलात. मी विचारलं, दोघी कोण? ती भांडायच्या बेतात दिसली, म्हणून विषय वाढवला नाही.

गेरार्दरावांना विचारलं. त्यांनी शेवट ऐकलेला नाही. मागच्या रांगेतल्यांनी नाही. कुणीच नाही.

अखेर लुआनला गाठलं. त्याला म्हटलं, मावशीला फोन लाव. तो म्हणाला, आता पुन्हा पैसे द्यायचेत का? तेओदोझियानं समजूत घातली तेव्हा त्यानं लावला. माझा प्रश्न पोलिशमधून इटालियनमध्ये गेला, इटालियनमधून अल्बानियनमध्ये: काल शेवटी मी तुम्हाला काय सांगितलं?

लिरिएबाई बराच वेळ बोलल्या. लुआन मान डोलावत ऐकत होता. उत्तर परत यायला तेवढाच वेळ लागला.

त्यांना सगळं समजलं होतं म्हणे. शब्द एकही कळला नाही, पण बाई फार खरं बोलत होत्या. नेमकं काय ते बाईंनाच विचारा, त्यांच्या चांगलं लक्षात असेल.